रुळावरच्या माणसाची खबर कोणाला होती?

अमेरिकेत रेल्वेवेड्या लोकांची एक मोठी जमात आहे. सुट्टीच्या दिवशी एखाद्या फाटकाजवळ घडीच्या खुर्च्या टाकायच्या, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्या पाहायच्या, हा त्यांचा छंद. त्यांच्या पट्ट्याला एक छोटा रेडिओ अडकवलेला असतो. त्याला तिकडे स्कॅनर म्हणतात. रेल्वे कंपन्यांचे वायरलेसवरचे बोलणे १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालते आणि ते या स्कॅनरवर स्वच्छ ऐकू येते. गाडीचा चालक आणि दूरच्या शहरात बसलेला डिस्पॅचर, म्हणजे आपल्याकडचा कंट्रोलर, यांच्यात काय बोलणे झाले, कोणती गाडी कुठे अडकली, रुळाशेजारी बसवलेल्या यंत्राने डब्यांचे आस तपासून काय निरोप दिला, हे सगळे या मंडळींना घरच्या गप्पांसारखे कळते. काही जण ते टिपून ठेवतात, काही जण वर्षानुवर्षांच्या ध्वनिफिती जपून ठेवतात.

या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो. ट्रेसपासर. पुलावर मासे धरायला बसलेली मुले असोत, सामानाची ढकलगाडी घेऊन रुळांमधून चालणारा बेघर माणूस असो, की पलीकडच्या दुकानात जायला जवळची वाट धरणारी बाई असो, वायरलेसवर या सर्वांचे नाव एकच. चालक मैलाचा आकडा सांगतो, ट्रेसपासर आहेत म्हणून कळवतो, डिस्पॅचर मागून येणाऱ्या गाडीला सावध करतो आणि काम पुढे चालू होते. कधी कधी मात्र वायरलेसवर 'इमर्जन्सी' हा शब्द सलग तीन वेळा येतो. आणीबाणीचा निरोप असाच सुरू करायचा, असा तिथल्या केंद्र सरकारचा नियम आहे. मग काही क्षण काहीच ऐकू येत नाही. मैलभर लांबीची मालगाडी ब्रेक लावल्यावरही मैलभर पुढे गेल्याशिवाय थांबत नाही. ती थांबल्यावर कंडक्टर हातात बॅटरी घेऊन मागे चालत जातो आणि काय सापडले ते वायरलेसवर सांगतो. ऐकणाऱ्या छंदिष्टांना तो थरथरता आवाजही ऐकू येतो.

त्यातले अनेक जण वहीत एवढेच लिहितात की अमुक गाडी तीन तास उशिरा, कारण ट्रेसपासर. यात त्यांचा दुष्टपणा आहे असे मी म्हणणार नाही. गाडीवर प्रेम करणाऱ्याला गाडीचे वेळापत्रक दिसते, त्या वेळापत्रकाच्या आड आलेला माणूस दिसत नाही, एवढेच. पण कायद्याच्या विद्यार्थ्याने याच बोलण्याकडे दुसऱ्या नजरेने पाहिले पाहिजे. कारण रुळावर मेलेल्या माणसाच्या प्रकरणात न्यायालयापुढे जो सर्वात अवघड प्रश्न असतो, त्याचे उत्तर या वायरलेसवरच्या बोलण्यात असते. तो प्रश्न असा: हा माणूस रुळावर आहे, ही खबर रेल्वेला होती का, आणि असेल तर ती किती वाजता होती?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते समजण्यासाठी ट्रेसपासर या शब्दाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. हा शब्द इंग्रजी जमीनदारांच्या कायद्यातून आला. माझ्या जमिनीत माझ्या परवानगीशिवाय जो शिरला, त्याचे काही बरेवाईट झाले तर मी जबाबदार नाही, अशी ती सरळसोट मालकी वृत्ती. १९२९ साली 'अॅडी विरुद्ध डमब्रेक' या खटल्यात इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने हीच वृत्ती कायदा म्हणून पक्की केली. स्कॉटलंडमधल्या एका कोळसा खाणीजवळच्या चाकात सापडून चार वर्षांचे मूल मेले होते. त्या माळावर मुले खेळतात हे खाणीच्या लोकांना माहीत होते. तरीही लॉर्ड्स म्हणाले की मूल ट्रेसपासर होते, त्याला जाणूनबुजून इजा करायची नाही एवढेच मालकाचे कर्तव्य, त्यापलीकडे काही नाही. चार वर्षांच्या मुलाला मालकी हक्क शिकवणारा हा न्याय त्रेचाळीस वर्षे टिकला.

तो मोडला एका रेल्वे खटल्याने. लंडनजवळ मिचम येथे रेल्वेच्या विजेच्या रुळाशेजारी जाळीचे कुंपण होते आणि ते लोकांच्या पायांनी दबून जमिनीला टेकले होते. १९६५ च्या एप्रिलमध्ये तिथे रुळावर मुले दिसली आणि ती खबर स्टेशन मास्तरला मिळाली. कुंपण मात्र दुरुस्त झाले नाही. जूनमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा त्याच जागेवरून आत गेला आणि विजेच्या रुळावर भाजून निघाला. 'ब्रिटिश रेल्वेज बोर्ड विरुद्ध हेरिंग्टन' या नावाने हा खटला १९७२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे निकाली निघाला. मुलगा ट्रेसपासर होता हे कोणीच नाकारले नाही. तरीही रेल्वे जबाबदार ठरली, कारण खबर तिला होती, धोका तिला माहीत होता आणि थोड्या खर्चात तो टाळता येत होता. साधी माणुसकी दाखवण्याचे कर्तव्य ट्रेसपासरच्या बाबतीतही आहे, असे न्यायमूर्तींनी सांगितले. पुढे १९८४ साली इंग्लंडच्या संसदेने याच धर्तीवर कायदा केला.

आता अमेरिकेतील अलीकडचे उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात डॉक्टरटाउन येथे अल्तमाहा नदीवरच्या रेल्वे पुलावर एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. 'मिडनाइट रायडर' हे त्या चित्रपटाचे नाव. पूल सीएसएक्स या रेल्वे कंपनीचा. कंपनीने चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती, तरीही निर्मात्यांनी रुळावर चक्क एक लोखंडी पलंग मांडला होता. मालगाडी आली. सत्तावीस वर्षांची कॅमेरा सहायक सारा जोन्स तिच्याखाली सापडून मेली, आणखीही माणसे जखमी झाली. दिग्दर्शकाने २०१५ साली सदोष मनुष्यवधाचा आणि ट्रेसपासचा गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. इथपर्यंतचा न्याय सर्वांच्या लक्षात आहे. परवानगी नव्हती, तरी माणसे रुळावर नेली, म्हणून नेणारा दोषी.

साराच्या आईवडिलांनी मात्र दिवाणी दावा लावला आणि त्यात रेल्वे कंपनीलाही ओढले. तुम्ही म्हणाल, कंपनीचा काय दोष? तिने तर परवानगी नाकारली होती. वादीच्या वकिलांनी बोट ठेवले ते वायरलेसवर. अपघाताच्या आधी त्याच दिवशी त्याच पुलावरून सीएसएक्सच्याच दोन गाड्या गेल्या होत्या. सामानसुमानासह थांबलेली ही एवढी मोठी मंडळी त्या गाड्यांच्या चालकांच्या नजरेसमोर होती. त्यांनी डिस्पॅचरला कळवले असते, तर मागच्या गाडीला सावध करता आले असते. तिसऱ्या गाडीच्या चालकाने माणसे दिसल्यावर ब्रेक का लावला नाही, हाही मुद्दा होता. जुलै २०१७ मध्ये सव्हाना येथील ज्युरीने एक कोटी बारा लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला ३५ टक्के दोष एकट्या रेल्वे कंपनीच्या माथी मारला. परवानगी नाकारणारी कंपनी, आणि तरीही दोषाचा सर्वात मोठा एक वाटा तिचाच. वायरलेसवर जे बोलायला हवे होते आणि बोलले गेले नाही, त्याची ही किंमत.

मला या निकालात एक गोष्ट खटकतेही. ती लपवून ठेवण्याचे कारण नाही. साराची मंडळी चित्रपटवाली होती, तिच्या मृत्यूची बातमी जगभर गेली, मोठे वकील उभे राहिले. ज्या बेघर माणसाचा मृत्यू वायरलेसवर तीन वाक्यांत संपतो, त्याच्यासाठी ज्युरी बसत नाही. अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाच्या हिशेबात १९९७ पासून रेल्वेशी संबंधित मृत्यूंचे सर्वात मोठे कारण ट्रेसपास हेच आहे. अलीकडच्या वर्षांत हा आकडा दरसाल पाचशेच्या वर गेला आहे आणि आत्महत्या त्यात धरलेल्या नाहीत. यातले किती जण न्यायालयापर्यंत पोहोचले असतील?

आणि ट्रेसपासर कोण, हे तरी कोण ठरवते? इंडियाना राज्यात हॅमंड नावाचे औद्योगिक शहर आहे. तिथे नॉरफोक सदर्न कंपनीच्या लांबच लांब मालगाड्या फाटकांवर तासन् तास उभ्या राहतात. शाळा रुळाच्या पलीकडे. मग दप्तर पाठीवर घेतलेली लहान मुले उभ्या गाडीच्या डब्यांखालून सरपटत, जोडांवरून चढत पलीकडे जातात. २०२३ साली तिथल्या पत्रकारांनी याची छायाचित्रे छापली तेव्हा देशभर गहजब झाला. कायद्याच्या पुस्तकात ती मुले ट्रेसपासर होती. पण मुलांची वाट अडवून उभी राहिलेली गाडी कोणत्या पुस्तकात काय ठरते? मुले डब्यांखालून जातात हे गाडीवरच्या लोकांना, डिस्पॅचरला आणि कंपनीला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

इथे छंदिष्टांच्या ध्वनिफितींचे महत्त्व लक्षात येते. कंपनीची नोंदवही कंपनीच्या कपाटात असते. त्यात काय लिहायचे, काय गाळायचे आणि ती किती दिवस ठेवायची, हे कंपनीच्या हातात. पण फाटकाजवळ बसलेल्या एका निरुद्योगी माणसाने जे ऐकले आणि टिपून ठेवले, ते कंपनीच्या ताब्याबाहेर असते. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने अशा सर्वांना सहज ऐकू येणाऱ्या लहरी ऐकणे गुन्हा ठरवलेले नाही, ऐकलेल्याचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर करण्यावर मात्र बंधने आहेत. इंग्लंडमध्ये आपल्यासाठी नसलेला वायरलेस संदेश मुद्दाम ऐकणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तिथल्या रेल्वेचे बोलणे आता डिजिटल झाल्यामुळे साध्या स्कॅनरवर ते येतही नाही. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने वायरलेस संच बिनापरवाना बाळगणेच गुन्हा केले होते. ते इंग्रजांचे राज्य होते, त्यांना क्रांतिकारकांची धास्ती होती, हे समजू शकते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही अनधिकृतपणे संदेश पकडणे शिक्षेस पात्र ठेवले आहे. म्हणजे आपल्या रुळावरच्या माणसाबद्दल वायरलेसवर काय बोलले गेले, हे ऐकायला आपल्याकडे कोणी तटस्थ तिसरा माणूस बसलेला नसतो. जे आहे ते रेल्वेच्या कपाटात.

आता त्या कपाटाकडे वळू. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशभरात वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यातली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असे त्या अहवालात लिहिले आहे. कोणताही सुसंस्कृत समाज अशी कत्तल सहन करणार नाही, असेही समितीने म्हटले. कत्तल हा शब्द काही मोर्चातल्या कार्यकर्त्याचा नव्हे. अणुशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीचा आहे. त्यानंतर काही ठिकाणी पादचारी पूल झाले, भिंती झाल्या, मुंबईतला आकडा खाली आला. तरीही २०२३ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली आणि २०२४ च्या जूनमध्ये या प्रश्नावर उच्च न्यायालयाला रेल्वेची कानउघाडणी करावी लागली.

प्रत्यक्षात काय घडते, ते वस्तीतल्या लोकांना सांगायला नको. मोटरमन पुढच्या स्टेशनला खबर देतो. स्टेशन मास्तर मेमो काढतो. हमाल स्ट्रेचर घेऊन जातात. रेल्वे पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि त्या मेमोवरचा एक शब्द त्या कुटुंबाचे पुढचे सगळे भवितव्य ठरवून टाकतो. 'गाडीतून पडला' असे लिहिले असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात आलेल्या कलम १२४अ खाली भरपाईचा दावा उभा राहतो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती रक्कम ८ लाख रुपये झाली आहे आणि त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. 'रूळ ओलांडताना' असे लिहिले असेल तर मृत माणूस प्रवासी नाही, ट्रेसपासर आहे. कलम १४७ ने त्याच्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. मेलेल्याला कैद करता येत नाही, म्हणून ती शिक्षा त्याच्या बायकामुलांना भोगावी लागते.

मेमो लिहिणाऱ्याने माणूस पडताना पाहिलेला असतोच असे नाही. रुळाजवळ प्रेत सापडले, खिशात तिकीट नाही, म्हणजे हा रूळ ओलांडत होता, असा सरधोपट तर्क अनेकदा चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली 'युनियन ऑफ इंडिया विरुद्ध रिना देवी' या निकालात या तर्काला चांगलाच लगाम घातला. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही. वारसाने प्रतिज्ञापत्र करून प्राथमिक भार उचलला की मग तो माणूस प्रवासी नव्हता हे दाखवण्याचे काम रेल्वेचे. पण हा निकालसुद्धा प्रवाशापुरताच. ज्याच्या झोपडीचे दार रुळाकडे उघडते, ज्याचा नळ पलीकडे आणि संडास त्याहून पलीकडे, तो खरोखरच रूळ ओलांडत होता. त्याच्यासाठी कलम १२४अ नाही. त्याच्यासाठी पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो: खबर होती का?

अमृतसरचे उदाहरण पाहा. १९ ऑक्टोबर २०१८ ची दसऱ्याची संध्याकाळ. जोडा फाटकाजवळ रावणदहन पाहायला जमलेले लोक रुळावर उभे होते आणि गाडी त्यांच्यातून गेली. साठच्या आसपास माणसे मेली. त्यात परप्रांतातून आलेले कष्टकरी पुष्कळ होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो रुळावर जमलेल्या लोकांचाच. पंजाब सरकारच्या दंडाधिकारी चौकशीने मात्र आयोजक, पोलीस, महापालिका यांच्याबरोबर फाटकावरील रेल्वे कर्मचाऱ्यांकडेही बोट दाखवले. गर्दी रुळावर आहे हे फाटकावर दिसत होते, तर चालकापर्यंत निरोप का गेला नाही? डॉक्टरटाउनच्या ज्युरीने जो प्रश्न पकडला तोच हा प्रश्न आहे. पहिल्या चौकशीत लोक ट्रेसपासर ठरले आणि तो प्रश्न तिथेच बाजूला पडला.

आणि करमाड. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीत काम बुडालेले, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जायला निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते रात्रभर रुळाने चालले. रस्त्यावर पोलीस अडवत होते, म्हणून रूळ. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून ते बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळावरच आडवे झाले आणि सव्वापाचच्या सुमारास मालगाडीखाली त्यातले १६ जण मेले. मेलेल्यांत बहुसंख्य आदिवासी. रुळावर पडलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. चालकाने माणसे दिसताच गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, असे रेल्वेने सांगितले आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. आठवड्याभराने स्थलांतरित मजुरांचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा रुळावर झोपणाऱ्यांना कोण कसे थांबवणार, असा सवाल न्यायपीठाकडून आला.

त्या सवालाला वकील म्हणून माझे उत्तर असे की, थांबवण्याची गोष्ट पहाटे सव्वापाचला सुरू होत नाही. वीस माणसांचा जथा रात्रभर रुळाने चालत होता. टाळेबंदीतही मालगाड्या धावत होत्या, वाटेत स्टेशने होती, फाटके होती. त्या रात्री कोणा चालकाने, कोणा फाटकवाल्याने त्यांना पाहिले का? पाहिले असेल तर वायरलेसवर काही बोलला का? बोलला असेल तर ऐकणाऱ्याने काय केले? आणि कोणीच पाहिले नसेल, तर लाखो लोक देशभर पायी निघाल्याचे सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येत असताना मालगाड्यांच्या चालकांना काय सूचना होत्या? या प्रश्नांची उत्तरे मागण्याआधीच 'रुळावर झोपले होते' या तीन शब्दांवर सर्वांनी समाधान मानले.

निरोप पोहोचवणे अशक्य असते, असे कोणी सांगू नये. त्याच रुळावर गँगमन काम करतो. गाडी येत आहे याची सूचना त्याला मिळाली पाहिजे, यासाठी रेल्वेचे नियम आहेत, शिट्टीचे फलक आहेत, लाल झेंडी आहे, अलीकडे वायरलेसवर चालणारी इशारा देणारी उपकरणेही काही मार्गांवर दिली आहेत. तीही पुरेशी नाहीत आणि गँगमन मरतातच, हा वेगळ्या लेखाचा विषय. हे गँगमन कोण, तेही आपल्या वाचकांना माहीत आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की आपला माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरात काम करावे लागते. रुळावर राबायला चालणारा माणूस स्टेशन मास्तरच्या उंबऱ्याच्या आत चालत नव्हता. त्याच रुळाच्या कडेला त्याच्या भाऊबंदांच्या वस्त्या उठल्या. ड्युटीवरचा भाऊ कर्मचारी आणि पाण्याची कळशी घेऊन निघालेली बहीण ट्रेसपासर. खडी तीच, गाडी तीच, शिट्टीही तीच.

चालकाविरुद्ध हा लेख नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. समोर माणूस दिसतो आणि हातात काही राहत नाही, ही अवस्था भोगणारा तोच असतो. अमेरिकेत २०१४ साली नियम होऊन अशा घटनेनंतर चालक-कंडक्टरला मानसिक मदत आणि कामातून सवलत देण्याची योजना ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. माणसाखाली माणूस चिरडल्याचे दुःख त्याच्या एकट्याच्या गळ्यात मारून वरचे अधिकारी मोकळे होतात, तेव्हा खबर न पोहोचल्याचा हिशेबही तिथेच बुडतो.

मग करायचे काय? रुळाकाठच्या वस्तीत असा मृत्यू झाला तर कार्यकर्त्यांनी रडारड आणि रास्ता रोको यांच्या बरोबरीने पहिल्या आठवड्यातच कागद हलवावा. स्टेशन मास्तरचा मेमो, स्टेशन डायरीची नोंद, फाटक असेल तर फाटकाची नोंदवही, कंट्रोलमधील नोंदी, गाडीच्या वेगाची नोंद, आणि इंजिनात आवाज व चित्र टिपणारी यंत्रणा बसवलेली असेल तर तिचे मुद्रण, हे सर्व नष्ट न करता जपून ठेवावे, असा लेखी अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकाला पोहोच घेऊन द्यावा. माहिती अधिकारात त्याच्या प्रती मागाव्यात. त्या जागी लोक रोज रूळ ओलांडतात याबद्दल वस्तीने, नगरसेवकाने, शाळेने पूर्वी कधी अर्ज दिला असेल तर त्याची पोहोच शोधून काढावी. मिचमच्या खटल्यात स्टेशन मास्तरला मिळालेल्या खबरीने जे काम केले, ते काम आपल्याकडे असला जुना, पिवळा पडलेला अर्ज करू शकतो. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका बिनपहाऱ्याच्या फाटकावरील अपघाताच्या प्रकरणात सांगितले आहे की, रेल्वे कायद्यात लिहिलेल्या कर्तव्यांखेरीज सावधगिरी घेण्याचे सामान्य कायद्याचे कर्तव्यही रेल्वेवर असते. तो निकाल 'युनियन ऑफ इंडिया विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स' या नावाने सापडेल.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. रेल्वे ते देणार नाही, असे म्हणून अनेक वकील आधीच हात टेकतात. पण २०२० च्या 'अर्जुन पंडितराव खोतकर' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर ते देण्याचा हुकूम करण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. हा निकाल जालन्याच्याच एका निवडणूक वादातून आला. आमदारकीसाठी जे दार उघडले, ते मजुराच्या वारसालाही उघडे आहे.

मुदतीचे भान ठेवावे. माणूस गाडीतून पडल्याचे प्रकरण असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो; त्याची खंडपीठे मुंबईला आणि नागपूरला आहेत, आणि उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. माणूस खरोखरच रूळ ओलांडताना मेला असेल तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. त्याची मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षे आहे, आणि त्यात रेल्वेचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो. म्हणून त्या पहिल्या आठवड्यातल्या अर्जाची पोहोच घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावी.